पहिल्या तासाला कोणती सी++ शिकवायची?

सी++ला पहिलं आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ साली मिळालं. महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांच्या लॅबमध्ये ही भाषा ज्या कंपायलरवर अजून शिकवली जाते, तो बोरलँड कंपनीचा टर्बो सी++ त्याच्याही आधीचा, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीचा, डॉसच्या काळातला आहे. आजच्या ६४-बिट विंडोजवर तो थेट चालत नाही, म्हणून डॉसबॉक्स टाकून त्यात तो चालवला जातो. विद्यार्थी निळा पडदा उघडतो, ‘आयोस्ट्रीम डॉट एच’ आणि ‘कॉनिओ डॉट एच’ या दोन हेडर फाइल जोडतो, ‘व्हॉइड मेन’ लिहितो, ‘क्लियर स्क्रीन’चा कॉल देऊन पडदा पुसतो आणि शेवटी ‘गेटच’ टाकतो, म्हणजे उत्तर वाचून होईपर्यंत पडदा थांबून राहावा. या पाचही गोष्टी प्रमाण सी++मध्ये नाहीत. जर्नलमध्ये मात्र त्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत असतात आणि ओरलला एक्स्टर्नलही त्यांच्यावरच प्रश्न विचारतो. दरम्यान २०११, २०१४, २०१७, २०२० आणि २०२३ अशा पाच आवृत्त्या येऊन गेल्या. याला केवळ आळस किंवा पैशांची चणचण म्हणून सोडून देता येणार नाही. माझं म्हणणं असं आहे की प्रोग्रामिंगची भाषा प्रमाण ठरवणाऱ्या समितीत अर्धीच बदलते. उरलेला अर्धा बदल पहिल्या धड्यात घडतो, आणि तो तिथे घडला नाही तर समितीचं काम कागदावरच राहतं.

हे असं का, हे समजण्यासाठी भाषा वाढते कशी ते आधी पाहायला हवं. ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ साली बेल लॅब्समध्ये ‘सी विथ क्लासेस’ या नावाने काम सुरू केलं, १९८३मध्ये तिचं नाव सी++ झालं आणि १९८५मध्ये ती बाजारात आली. सीमध्ये लिहिलेलं चालू काम शक्य तितकं तसंच चालत राहिलं पाहिजे, ही अट त्यांनी पहिल्यापासून पाळली. ज्यांच्याकडे सीचा कोड होता त्यांना तो फेकून न देता नव्या भाषेत यायची सोय झाली, आणि भाषा पसरली ती मुख्यतः यामुळेच. पण या अटीचं ओझंही मोठं होतं. व्हेरिएबलचा टाइप कंपायलरने स्वतः ओळखावा, यासाठी ‘ऑटो’ हा शब्द वापरायची कल्पना स्ट्राउस्ट्रुप यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच अमलात आणून पाहिली होती. सीमध्ये त्या शब्दाला आधीपासून दुसरा, जवळजवळ निरुपयोगी अर्थ होता, म्हणून ती मागे घ्यावी लागली. प्रमाणात ती आली २०११ साली. आत येण्याला इतका वेळ लागतो, तर बाहेर पडण्याला किती लागत असेल! ‘ऑटो पॉइंटर’ हा सदोष प्रकार १९९८च्या प्रमाणात आला, २०११मध्ये त्याच्यावर ‘वापरू नका’ असा शिक्का बसला आणि तो निघाला २०१७मध्ये. ‘गेट्स’ हे फंक्शन तर त्याहून चिवट. समोरून किती अक्षरं येतील याचा विचारच न करता ते वाचत सुटतं. १९८८च्या नोव्हेंबरमध्ये मॉरिस वर्मने इंटरनेटवरची हजारो यंत्रं आडवी केली, तेव्हा तो ज्या वाटांनी आत शिरला त्यातली एक वाट हीच होती. सीच्या प्रमाणातून ‘गेट्स’ गेलं २०११ साली आणि सी++मधून २०१४ साली. धोका जगजाहीर झाल्यावर एक फंक्शन हटवायला दोन दशकांहून जास्त काळ लागला. जी गोष्ट नुसती जुनाट आहे, धोकादायकही नाही, ती कोण हटवणार?

म्हणून चाळीस वर्षांची सी++ म्हणजे एकावर एक बसलेले थर आहेत, आणि सगळे थर एकाच कंपायलरमध्ये एकाच वेळी जिवंत आहेत. २०२३च्या आवृत्तीचा कंपायलरही १९८५च्या पद्धतीने लिहिलेला बराचसा कोड तक्रार न करता घेतो. कोणता थर वापरायचा हे भाषा सांगत नाही. ते सांगायचं काम पुस्तकाचं, शिक्षकाचं आणि प्रश्नपत्रिकेचं.

जुनं तोडून टाकायचा दुसरा मार्ग आहे, आणि तो पायथनने घेऊन पाहिला. ग्विडो व्हॅन रॉसम यांच्या या भाषेची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८मध्ये आली ती जुन्या कोडशी जाणूनबुजून फारकत घेऊन. दुसऱ्या आवृत्तीचा आधार २०१५मध्ये संपवायचा बेत होता, तो पुढे ढकलून १ जानेवारी २०२० करावा लागला. अकरा वर्षं दोन पायथन शेजारी शेजारी नांदल्या. ग्रंथालयं लिहिणाऱ्यांचे हाल झाले, कंपन्यांनी टाळाटाळ केली. तरी या फारकतीमागचं मुख्य कारण मराठी वाचकाला चटकन पटावं असं आहे. पायथन २मध्ये साधी स्ट्रिंग म्हणजे बाइटांची माळ होती, युनिकोडसाठी वेगळा प्रकार वापरावा लागे. यूटीएफ-८मध्ये लिहिलेल्या ‘मराठी’ या शब्दाची लांबी विचारली तर ती १५ सांगत असे, कारण त्यातल्या पाच युनिकोड चिन्हांपैकी प्रत्येक तीन बाइट घेतं. पायथन ३ त्याच प्रश्नाला ५ असं उत्तर देते. डोळ्यांना दिसणारी अक्षरं तीन, त्यामुळे प्रश्न पूर्ण सुटला असं नाही, पण काना आणि वेलांटी निदान मोजण्याजोगी चिन्हं म्हणून समोर आली. शिकवण्याच्या दृष्टीने या फारकतीचा एक मोठा लाभ झाला. जुन्या पुस्तकातला कंसाशिवायचा ‘प्रिंट’ आज चालवला तर प्रोग्राम थांबतो आणि कंस राहिले आहेत का, असं पायथन स्वतःच विचारते. जुना धडा तिथल्या तिथे उघडा पडतो. सी++मध्ये बराचसा जुना धडा निमूटपणे चालून जातो, आणि म्हणूनच तो टिकतो.

फारकत नेहमी यशस्वी होते असं मात्र नाही. पर्लची सहावी आवृत्ती २०००मध्ये जाहीर झाली, प्रत्यक्ष आली २०१५च्या डिसेंबरमध्ये, आणि तोवर ती इतकी वेगळी झाली होती की २०१९मध्ये तिला राकू हे नवं नाव द्यावं लागलं. रस्टने मधला मार्ग काढला: २०१५, २०१८, २०२१ आणि २०२४ अशा ‘एडिशन’ ठरवल्या, प्रत्येक प्रकल्पाने आपली एडिशन निवडायची, आणि वेगवेगळ्या एडिशनचा कोड एकत्र जोडता येतो. मला ही रचना सगळ्यांत समंजस वाटते. पण ती भाषा लहान असतानाच आणावी लागते, चाळीस वर्षांच्या भाषेला ती मागाहून लावणं फार अवघड आहे. जावाने तर थेट पहिल्या धड्याकडेच लक्ष दिलं. ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ हा मंत्र जावा शिकणाऱ्या प्रत्येकाने आधी पाठ केला आणि अर्थ वर्षभराने समजून घेतला. हा विधी न करता छोटा प्रोग्राम लिहिण्याची सोय २०२३मध्ये जावा २१मध्ये चाचणीसाठी आली आणि सप्टेंबर २०२५च्या जावा २५मध्ये कायम झाली. जवळजवळ तीस वर्षांनंतर एका प्रौढ, कंपन्यांमध्ये रुळलेल्या भाषेने मुख्यतः नवशिक्यासाठी आपलं दार रुंद केलं. भाषा घडवणाऱ्यांनाही पहिला तास किती महत्त्वाचा वाटतो, हे यातून कळतं.

पण खुद्द शिकवण्यातून भाषेची वापरपद्धत बदलते याला पुरावा काय? सर्वांत मोठा पुरावा ‘गो टू’चा आहे. मार्च १९६८मध्ये एड्सखर डाइक्स्ट्रा यांचं ‘गो टू’विरुद्धचं पत्र प्रसिद्ध झालं. १९७०मध्ये निक्लाउस वीर्ट यांची पास्कल आली, आणि ती मुळातच शिकवण्यासाठी घडवलेली होती. गंमत अशी की पास्कलमध्येही ‘गो टू’ होतं. सीमध्ये होतं, सी++मध्ये आजही आहे. जावाने तो शब्द राखून ठेवला पण वापरू दिला नाही, हा अपवाद. वरच्या बाकी भाषांत त्याच्यावर बंदी आली नाही. तरीही आज साध्या प्रोग्राममध्ये ‘गो टू’ दिसत नाही, कारण दोन पिढ्यांना ‘इफ’, ‘व्हाइल’ आणि फंक्शन आधी शिकवलं गेलं आणि ‘गो टू’ शेवटच्या प्रकरणात, सावधगिरीच्या सूचनेसह. लिनक्स कर्नलमध्ये चूक झाल्यावर आवरासावर करण्यासाठी तो अजून विचारपूर्वक वापरला जातो, म्हणजे ज्यांना गरज आहे त्यांचं काही अडलेलं नाही. फोरट्रानमध्येही हेच झालं. घोषित न केलेल्या व्हेरिएबलचं नाव आयपासून एनपर्यंतच्या अक्षराने सुरू झालं तर ते पूर्णांक मानायचं, हा १९५०च्या दशकातला नियम प्रमाणातून आजही गेलेला नाही. पण फोरट्रान शिकवणारा कोणताही चांगला शिक्षक पहिल्याच दिवशी ‘इम्प्लिसिट नन’ ही ओळ लिहायला लावतो, आणि तो नियम असून नसल्यासारखा होतो. जावास्क्रिप्टमध्ये २०१५ साली ‘लेट’ आणि ‘कॉन्स्ट’ आले. ‘व्हार’ तसाच आहे, वेबवरची जुनी पानं मोडू नयेत म्हणून तसाच राहणार. आज ‘व्हार’ मागे पडला आहे, तो धडे बदलल्यामुळे.

आता सी++चं एकच छोटं काम जवळून पाहू: वापरणाऱ्याचं नाव विचारायचं आणि ते छापायचं. जुन्या पद्धतीत वीस कॅरॅक्टरचा ॲरे घ्यायचा, ‘सी-इन’ने त्यात नाव वाचायचं, आणि ‘सी-आउट’ने छापायचं. हा प्रोग्राम जर्नलमध्ये हमखास असतो. समजा वापरणाऱ्याने ‘महाराष्ट्र’ असं लिहिलं. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये ती दहा चिन्हं आहेत, कारण जोडाक्षरातला हलन्तही मोजला जातो, आणि यूटीएफ-८मध्ये त्यांचे तीस बाइट होतात. वीस बाइटांच्या जागेत तीस बाइट आणि शेवटचा शून्य कोंबला जातो. शेजारची मेमरी खराब होते. प्रोग्राम कधी कोसळतो, कधी चुकीचं उत्तर देतो, आणि कधी बिनबोभाट बरोबर चालल्यासारखा दिसतो. यातला शेवटचा प्रकार सर्वांत घातक, कारण विद्यार्थ्याला वाटतं आपला कोड बरोबर आहे आणि जर्नलवर सहीसुद्धा होते. २०२०च्या प्रमाणाने हे वाचनच बदललं: आता अशा ॲरेत मावेल तेवढंच घेतलं जातं. मेमरी वाचली, पण एकोणीस बाइटांवर कात्री चालली, म्हणजे ‘महाराष’ एवढं पूर्ण आलं आणि पुढच्या हलन्ताचा पहिला तुकडा लोंबकळत राहिला. तेच नाव ‘स्ट्रिंग’ या प्रमाण प्रकारात वाचलं तर तीसच्या तीस बाइट येतात, जागा आपोआप वाढते, विद्यार्थ्याला वीस हा आकडा कुठून आला हे विचारावंच लागत नाही. ‘स्ट्रिंग’ १९९८पासून प्रमाणात आहे. म्हणजे याला ‘मॉडर्न’ म्हणणंही खरं तर धाडसाचं. तरी अनेक अभ्यासक्रमांत ती शेवटच्या युनिटमध्ये, वेळ उरला तर, अशी येते.

जुन्या कंपायलरमुळे ज्ञानही चुकीचं रुजतं. टर्बो सी++मध्ये ‘इंट’ दोन बाइटांचा, कमाल किंमत ३२,७६७. महिना पन्नास हजार पगार त्यात ठेवला तर उणे १५,५३६ छापला जातो. आजच्या नेहमीच्या कंपायलरवर ‘इंट’ चार बाइटांचा असतो, आणि प्रमाण तर एवढंच सांगतं की तो किमान सोळा बिटांचा असावा. पण ‘इंट म्हणजे दोन बाइट’ हे वाक्य भाषेचा नियम म्हणून घोकलं जातं. दुसरं उदाहरण परीक्षांचं आणि कॅम्पस मुलाखतींचं लाडकं: ‘आय प्लस प्लस’ अधिक ‘प्लस प्लस आय’ यांची बेरीज किती? प्रमाणाच्या दृष्टीने या प्रश्नाला उत्तरच नाही. एकाच व्हेरिएबलला एकाच पदावलीत क्रम न ठरवता दोनदा बदलणं हे ‘अनडिफाइन्ड बिहेव्हिअर’ आहे, कंपायलरने काहीही केलं तरी ते नियमाला धरूनच. जो विद्यार्थी याचं ठाम उत्तर देतो त्याला मार्क मिळतात आणि जो ‘हे ठरलेलं नाही’ असं लिहितो त्याचे जातात. हा नुसता जुनेपणा नाही. इथे चुकीची समज बरोबर म्हणून प्रमाणित होते, आणि याबद्दल मला मनापासून चीड आहे.

याविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप असा: पाया आधी पक्का हवा. पॉइंटर, मेमरी, ॲरे हे कळल्याशिवाय ‘व्हेक्टर’ आणि ‘स्ट्रिंग’ दिले तर विद्यार्थी आतलं यंत्र कधीच समजून घेणार नाही. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ने भारतभरच्या कित्येक विद्यार्थ्यांच्या मनातली पॉइंटरची भीती घालवली, आणि त्या पिढीने पुढे मोठं काम केलं, हे कुणी नाकारू नये. पॉइंटर शिकवलाच पाहिजे हेही मान्य. वाद आहे तो क्रमाचा. पहिल्या महिन्यात पॉइंटर आला की विद्यार्थ्याकडे तो वापरण्यासारखा एकही खरा प्रश्न नसतो, म्हणून तो ‘स्वॅप’ फंक्शनपुरता पाठ होतो. आधी ‘व्हेक्टर’ वापरून शंभर विद्यार्थ्यांचे मार्क वाचणं, लावणं, सरासरी काढणं हे जमलं आणि मग ‘आता हा व्हेक्टर आपण स्वतः बांधू’ असं म्हटलं, की ‘न्यू’ का लागतं, ‘डिलीट’ विसरलं तर काय होतं, कॉपी केल्यावर दोघांनी एकच मेमरी सोडली तर काय, हे प्रश्न आपसूक उभे राहतात. अँड्र्यू कोनिग आणि बार्बरा मू यांचं २०००चं ‘ॲक्सिलरेटेड सी++’ याच क्रमाने जातं. स्ट्राउस्ट्रुप यांनी १९९९मध्येच प्रमाण सी++ ही नवी भाषा म्हणून शिका असा लेख लिहिला, आणि २००८मधल्या त्यांच्या नवशिक्यांसाठीच्या जाडजूड पुस्तकात ‘व्हेक्टर’ आतून बांधून दाखवणं पुस्तकाच्या उत्तरार्धात ठेवलं. २०१५मध्ये केट ग्रेगरी यांनी ‘सी शिकवणं थांबवा’ या शीर्षकाने सी++च्या शिक्षकांनाच उद्देशून भाषण दिलं. यात कुणीही पॉइंटर गाळलेला नाही. सी++चा खरा पाया वस्तूचं आयुष्य कुठे सुरू होतं, कुठे संपतं आणि तिची मालकी कोणाकडे आहे, हा आहे. पॉइंटर हे त्या प्रश्नाचं एक उत्तर, आणि नवशिक्यासाठी सगळ्यांत निसरडं.

दुसरा आक्षेप नोकरीचा: कंपन्यांत जुनाच कोड आहे, तो वाचता यायला नको का? यायलाच हवा. पण वाचायला शिकणं आणि तसंच लिहायची सवय लावणं यात फरक आहे. शेवटच्या वर्षी एक युनिट खास जुन्या कोडचं ठेवता येईल: ‘न्यू’-‘डिलीट’ने भरलेला पाचशे ओळींचा प्रोग्राम द्यायचा, गळती कुठे आहे ते शोधायला लावायचं, आणि ‘युनिक पॉइंटर’ घालून तो दुरुस्त करायला लावायचा. नव्या पद्धतीत तयार झालेला विद्यार्थी हे काम जास्त चांगलं करील, कारण काय चुकलं आहे हे त्याला दिसेल. सूक्ष्म नियंत्रक, ८०५१सारख्या चिपा, जिथे मोजके बाइट हाताशी असतात, तिथे मात्र मी हट्ट धरणार नाही. त्या विद्यार्थ्यांना सी आधी शिकवण्याला ठोस कारण आहे, फक्त ती आजच्या कंपायलरवर, सगळ्या वॉर्निंग चालू ठेवून शिकवावी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. दर तीन वर्षांनी प्रमाण बदलतं. आज ज्याला मॉडर्न म्हणतो ते उद्या जुनं होणार. मग शिक्षकाने किती धावायचं? पण नवं वैशिष्ट्य आणि नवी पद्धत एकच समजलं की ही धावपळ सुरू होते. २०२०मध्ये मॉड्यूल आले, आणि ते नीट चालवायला कंपायलर आणि बिल्डच्या साधनांना पुढे कित्येक वर्षं लागली. असं काही पहिल्या धड्यात घेणं विद्यार्थ्यावर अन्याय आहे. २०२३च्या प्रमाणात ‘प्रिंटलाइन’ आलं, म्हणून उद्यापासून ‘सी-आउट’ वर्ज्य असंही नाही. टिकणाऱ्या गोष्टी वेगळ्या आहेत: मालकी टाइपमधूनच स्पष्ट करणं, जे बदलायचं नाही त्याला ‘कॉन्स्ट’ लावणं, हाताने लूप फिरवण्याआधी प्रमाण ग्रंथालयात ते काम आहे का पाहणं, वॉर्निंगला चूक मानणं, फंक्शन लिहिताना त्याची चाचणी लिहिणं, आणि कोड गिटमध्ये ठेवणं. ही यादी २०११मध्ये योग्य होती, आजही आहे. ‘ॲड्रेस सॅनिटायझर’ जीसीसी आणि क्लँगमध्ये दहा वर्षांहून जुना झाला. तो चालू ठेवून वर सांगितलेला वीस कॅरॅक्टरचा जुना प्रोग्राम जुन्या प्रमाणाने चालवला, तर तो बिनबोभाट चालल्याचं सोंग करू शकत नाही. तिथेच थांबतो आणि ओळ क्रमांक दाखवतो. नवी पद्धत ही बरीचशी साधनांची सवय आहे. एक उणीव मात्र कबूल करायला हवी. ‘सॉर्ट’ला चुकीचा कंटेनर दिला तर येणारा टेम्प्लेटचा एरर पानभर लांब आणि नवशिक्याला हतबल करणारा असतो. २०२०च्या ‘कन्सेप्ट’मुळे तो सुधारला, पुरेसा नाही. तो एरर वाचायचा कसा याला शिक्षकाने स्वतंत्र तास द्यावा.

मग सी++ सोडूनच द्यावी, असं म्हणणारेही आहेत आणि त्यांच्या बाजूने पुरावा आहे. मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी २०१९मध्ये सांगितलं की त्यांच्या उत्पादनांमधल्या दरवर्षीच्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के मेमरीशी निगडित असतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने नोव्हेंबर २०२२मध्ये मेमरी सुरक्षित ठेवणाऱ्या भाषांकडे वळण्याचा सल्ला दिला. सीबीएसईने अकरावी-बारावीच्या कॉम्प्युटर सायन्समधून सी++ काढून पायथन आणली. पहिली भाषा पायथन असायला माझी हरकत नाही. पण भाषा बदलली म्हणजे शिकवणं बदललं, या भ्रमात राहू नये. पायथनमध्येही यादीवर थेट फिरण्याऐवजी लांबी काढून अनुक्रमांकाने फिरणं, २०१६पासून ‘एफ-स्ट्रिंग’ असताना जुन्या टक्का-चिन्हाने मजकूर जुळवणं, एकही चाचणी न लिहिणं, हे सगळं सर्रास शिकवलं जातं. प्रोग्राम पाठ करून पेपरात उतरवायची पद्धत तशीच राहिली तर पायथनचाही टर्बो सी++ व्हायला वेळ लागणार नाही. कोड लिहून देणाऱ्या एआय साधनांमुळे हा प्रश्न आणखी तातडीचा झाला आहे. ही साधनं आजवर लिहिल्या गेलेल्या कोडवर शिकतात, आणि त्यात जुन्या पद्धतीचा साठा प्रचंड आहे. समोर आलेला कोड कोणत्या थरातला आहे हे ओळखण्याची नजर विद्यार्थ्याकडे नसेल, तर तो जुनंच नव्या वेगाने लिहील.

शेवटी अडतं ते व्यवस्थेत. संलग्न कॉलेजांच्या पद्धतीत एकच प्रश्नपत्रिका अनेक कॉलेजांत जाते. एखाद्या शिक्षिकेने वर्गात ‘स्ट्रिंग’ आणि ‘व्हेक्टर’ आधी शिकवले, तरी पेपर तपासणारा दुसऱ्या गावचा असतो आणि त्याच्या मॉडेल आन्सरमध्ये ‘कॉनिओ डॉट एच’ असतं. मुलांचे मार्क जातील या धास्तीने ती परत जुन्या वाटेला लागते, आणि तिला दोष देता येत नाही. म्हणून बदलाची सुरुवात प्रश्नपत्रिकेपासून आणि प्रॅक्टिकलच्या यादीपासून करायला हवी. अनडिफाइन्ड कोडचं आउटपुट विचारणं बंद करावं. प्रमाण हेडर आणि ‘इंट मेन’ असलेलं उत्तर कुठेही ग्राह्य धरावं, हे परीक्षकांना लेखी कळवावं. दहा प्रॅक्टिकलपैकी पहिली चार ‘स्ट्रिंग’ आणि ‘व्हेक्टर’ची ठेवावीत आणि पॉइंटर पाचव्यापासून आणावा. यासाठी नवं यंत्र किंवा लायसन्स लागत नाही. जी++ मोफत आहे, लॅबमधल्या जुन्या पीसीवर लिनक्ससह चालतो, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाने सी आणि सी++चे धडे त्याच कंपायलरवर, मराठीतसुद्धा, केव्हाच तयार करून ठेवले आहेत. अभ्यास मंडळाचा एक ठराव आणि शिक्षकांसाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत, भत्त्यासह, एक नीट आखलेलं प्रशिक्षण, एवढ्यावर हे काम पुढच्या जूनला सुरू होऊ शकतं.